लच्छूशेठचा बिनखटक्याचा गिअर

लच्छूशेठ इंदूरला मेला, मुलीच्या घरी. मला ते त्याच्या शेजारच्या पडदेवाल्याने सांगितलं, तेही मी कॅम्प पाचला, त्या सिंधी वस्तीत, दुसऱ्याच कामाला गेलो होतो म्हणून. लच्छूशेठच्या दुकानात आता जीन्सला लावायची बटणं मिळतात. पाटी बदलली, शटरचा रंग बदलला. उंबऱ्याशी फरशीवर ग्रीसचा काळा डाग आहे, तो मात्र निघालेला नाही.

पडदेवाला म्हणाला, "बहुत अच्छा आदमी था."

मी म्हणालो, "अच्छा कसला? हट्टी होता एक नंबरचा."

पडदेवाला हसला. त्यालाही ते माहीत होतं.

मेलेल्या माणसाला चांगलं म्हणायची रीत मला पटत नाही. माझी बायको मेली तेव्हा जो येईल तो म्हणाला, देवमाणूस होती. देवमाणूस वगैरे काही नव्हती. तोंडाने फटकळ होती आणि मीठ घालताना तिचा हात सैल सुटायचा. चाळीस वर्षं खारट आमटी खाल्ली मी. आता कमी मिठाची मिळते, ती घशाखाली जात नाही. पण ते राहू दे. लच्छूशेठचं सांगतो, आणि जसा होता तसाच सांगतो.

आधी सायकलीचं सांगावं लागेल, नाहीतर तो माणूस कळायचा नाही.

आमच्या मुलाने कॉलेजात असताना गिअरची सायकल घेतली. पुढे नोकरी लागली, तो पुण्याला गेला, सायकल जिन्याखाली राहिली. सुमन, म्हणजे माझी बायको, तेव्हा डबे करायची. आम्ही राहतो अंबरनाथ पश्चिमेला आणि डबे जायचे पूर्वेला, आनंदनगरच्या कारखान्यांत. मधे रेल्वेवरचा पूल. साध्या सायकलवर डबे लादून तो पूल चढताना तिचा गुडघा जाम व्हायचा. एक दिवस तिने जिन्याखालची सायकल पुसून काढली, मागे मोठं कॅरिअर बसवून घेतलं, साडी चेनमध्ये जाते म्हणून पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला, आणि निघाली. आमच्या चाळीतल्या बायकांना महिनाभर तोच विषय पुरला. ही हलक्या गिअरवर टुकूटुकू पूल चढायची, कुठे उतरायची नाही.

मग शिफ्टर तुटला. शिफ्टर म्हणजे हँडलवरचा खटका, ज्याने गिअर बदलतो. गल्लीतल्या सायकलवाल्याने नवा कोरा बसवून दिला. त्या दिवसापासून चेन जागेवर राहीना. पहिले दोन गिअर ठीक जायचे. पुढे चेन मागच्या चाकावरच्या दोन दातेरी चकत्यांच्या मधेच घुटमळायची, खडखडायची, आणि पायाने जोर दिला की उडी मारायची. एकदा ऐन पुलाच्या चढावर तशी उडाली. सुमन आडवी झाली, डबे उघडले, आमटी पुलावरून ओघळत खाली गेली. तिचं कोपर सोलवटलं होतं. घरी आल्यावर कोपराचं काही बोलली नाही. "आज सगळ्यांनी कोरडी भाकर खाल्ली," एवढंच म्हणाली आणि मग रडली.

कुणीतरी म्हणालं, कॅम्प पाचला एक सिंधी म्हातारा आहे, गिअरचं तोच बघतो, पण तोंडाळ आहे. सुमन म्हणाली, "असू दे. मी पण आहे."

आम्ही सायकल हाताने ढकलत गेलो. पोचलो तेव्हा लच्छूशेठ एका गिऱ्हाइकाला हाकलत होता.

"नुसता शिफ्टर मैं नहीं बेचता! तू काय भाजी घ्यायला आला? कोथिंबीर दे, मिरची दे, शिफ्टर दे?"

गिऱ्हाईक म्हणालं, "अहो शेठ, सायकल बदलापूरला आहे."

"तर बदलापूरला जा. चाक घेऊन ये. चाक बघितल्याशिवाय मी शिफ्टर देत नाही, माझ्या बापाला पण नाही दिला."

ही त्याची रीत होती. तिच्यापायी रोज दोनतीन माणसं शिव्या देत परत जायची. समोर दुसरं दुकान होतं, तिथे मागाल ते मिळायचं. लच्छूशेठ त्या दुकानाकडे बघून म्हणायचा, "वहाँ से लो, फिर रोते हुए इधर आओ. मी इथेच आहे."

उंच, वाळलेला माणूस. अंगात बनियन आणि खाली पांढरा लेंगा. दिवसभर ग्रीसमध्ये हात, पण लेंग्यावर डाग नाही. चष्म्याची काडी तुटली होती, तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बांधली होती. सगळ्यांना 'तू' म्हणायचा, देवालासुद्धा. मला 'जगताप साईं' म्हणायचा आणि सुमनला 'भाभी'.

सायकलकडे त्याने लगेच पाहिलं नाही. आम्ही उन्हातून आलो होतो. सिंध्याच्या दारात उन्हातून माणूस आला की आधी पापड आणि पाणी. दुकानाच्या कोपऱ्यात छोटा गॅस होता, त्याच्यावर त्याने पापड भाजला. भाजलेला पापड स्वतःच्या उजव्या कानाशी नेला आणि मोडला. कट्टकन आवाज झाला. मग मान हलवून सुमनच्या हातात दिला.

सुमन म्हणाली, "शेठ, पापड खायचा असतो की ऐकायचा?"

"मऊ पापड पाहुण्याला दिला ना भाभी, तर माझी आई वरून चप्पल मारेल. हाताला काय कळतं? हात तर मेला." त्याने बोटं दाखवली. कातडं टायरसारखं झालं होतं. "कान सांगतो."

मग सायकल उलटी करून ठेवली, पेडल फिरवलं, डोळे मिटले आणि मान वाकडी करून ऐकत राहिला. एकेक खटका टाकत गेला. चौथ्याला त्याने तोंड वाकडं केलं, कुजका शेंगदाणा दाताखाली आल्यासारखं.

"हे लग्न कोणी लावलं?"

"काय झालं?" मी विचारलं.

"चकत्या सात आहेत. खटका सहावाल्याचा आहे."

मी म्हणालो, "मग एक गिअर कमी पडेल, एवढंच ना?"

त्याने पेडल सोडलं. मग म्हणाला, "जगताप साईं, रुळावरून कधी चाललास? स्लीपरवर पाय टाकत?"

"चाललोय."

"स्लीपरचं अंतर ठरलेलं. तुझा पाय जर थोडा लांब पडला, तर पहिला पाय स्लीपरवर. दुसरा पण स्लीपरवर, जरा कडेला. तिसरा काठावर. चौथा?"

"खडीत."

"बस्स. एक खटका दाबला की तार ठरावीक ओढली जाते. सहावाल्याच्या चकत्या लांब लांब, म्हणून त्याचा खटका तार जास्त ओढतो. सातवाल्या जवळ जवळ. तुझ्या बायकोचा चौथा पाय खडीत पडला."

मी चौथी शिकलेला माणूस, पण हे मला त्या दिवशी कळलं ते आजपर्यंत डोक्यातून गेलं नाही. सुमनला तर पुरतं कळलं. ती म्हणाली, "मग सातवाला खटका लावा."

इथे लच्छूशेठचा हट्ट सुरू झाला. त्याने एका जुन्या खोक्यातून लोखंडाची एक दांडी काढली, अंगठ्याएवढी. "ही लावतो. हिला खटकाच नाही. सहा असो, सात असो, आठ असो. दांडी हळूहळू ढकल, चेन सरकेल. आवाज ऐक. खरखर आली म्हणजे अजून जागेवर नाही. जरा पुढे, जरा मागे. गप्प झाली की सोड. खटका म्हणजे काय? दुसऱ्याच्या अकलेने चालणं. तुला कान आहेत ना?"

"कान आहेत. पण डबे पण आहेत," सुमन म्हणाली. "रस्त्यात कान लावत बसू का?"

"दोन दिवस शिव्या देशील. तिसऱ्या दिवशी येऊन मला पापड खायला घालशील."

तिने शिव्या दिल्या, त्या घरात मी ऐकल्या. पण नंतर तिला ती दांडी अशी जमली की पुलाच्या पायथ्याशी बोलत बोलत गिअर टाकायची, खाली बघायची नाही. पापड काही नेला नाही. लसणीची चटणी नेली. लच्छूशेठने खाल्ली आणि म्हणाला, "नमक ज्यादा है." ती म्हणाली, "कान आहेत ना, मग जीभ कशाला चालवता?"

तेव्हापासून त्या दोघांचं जमलं. आनंदनगरहून रिकामे डबे घेऊन परत येताना ती वाट वाकडी करून कॅम्प पाचला जायची. मी विचारलं की म्हणायची, ब्रेक ढिला होता, हवा कमी होती. मीही कधीकधी जायचो. बाहेर एक तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा उलटा ठेवलेला असायचा, ती त्याच्यावर बसायची. मी उभा. लच्छूशेठ पेडल फिरवत म्हणायचा, "चेन गप्प बसली की समजायचं जागेवर आहे. माणसाचं उलटं. माणूस गप्प बसला की समजायचं जागेवर नाही." सुमन माझ्याकडे बोट करून म्हणायची, "हे बघा, हे कधीच जागेवर नसतात."

त्याची चूक पण सांगितली पाहिजे. बदलापूरच्या नव्या टॉवरमधला एक साहेब होता, बँकेतला. रविवारी घट्ट चड्डी घालून मित्रांबरोबर वांगणीपर्यंत सायकल मारायचा. सायकल चांगली, भारी. गिअर अडकतात म्हणून लच्छूशेठकडे ठेवून गेला. संध्याकाळी न्यायला आला तर हँडलवर खटका नाही, लोखंडाची दांडी.

"माझा शिफ्टर कुठे आहे?"

"डब्यात."

"काढलात कशाला?"

"तुझ्या भल्यासाठी."

साहेब भडकला. भडकणारच. चार माणसं जमली. लच्छूशेठ दांडीचे गुण सांगत सुटला आणि साहेब म्हणत होता, मला गुण नकोत, माझी वस्तू द्या. सुमन डब्यावर बसली होती. ती उठली आणि म्हणाली, "शेठ, एक सांगा. ह्यांचा खटका आणि चकत्या एकाच मापाचे होते की नव्हते?"

"होते."

"मग अडकत काय होतं?"

लच्छूशेठ जमिनीकडे बघून म्हणाला, "तार गंजली होती."

"मग तार बदलायची. चांगला चाललेला संसार कशाला मोडलात?"

लोक हसले. लच्छूशेठने दांडी काढली, खटका परत लावला, नवी तार ओढली आणि सगळे गिअर लावून दिले. झकास लावले. म्हणजे खटक्याचं काम त्याला येत नव्हतं असं नाही. त्याला करायचं नव्हतं. साहेबाने जाताना सुमनला थँक्यू म्हटलं, त्याला नाही. त्या दिवशी सुमनला पापड मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी दोन मिळाले.

तिने मला नंतर सांगितलं, "खटका वाईट नाही हो. जोडी चुकली की वाईट. त्यांना ते माहीत आहे. पण त्यांना स्वतःच्या कानाचा गर्व आहे."

तो गर्व पुढे त्याच्यावर उलटला.

लच्छूशेठ मुळातच मोठ्याने बोलायचा. आणखी मोठ्याने बोलायला लागला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. रेडिओ वाढवून ठेवायचा, तर पडदेवाला म्हणायचा, बुढ्ढा रंगात आलाय. इंदूरहून मुलीचा फोन आला की तो पडदेवाल्याच्या हातात द्यायचा. "तू बात कर, मेरे हाथ काले हैं." मुलगी दर फोनला एकच म्हणायची, पप्पा, दुकान बंद करा, इकडे या. लच्छूशेठ आम्हाला म्हणायचा, "वहाँ जाके क्या करूँ? एसीमध्ये बसून सोफा गरम करू? तिच्या घरात एक पाना नाही. स्क्रू ढिला झाला तर मोबाईलवर माणूस मागवतात." दुकान हाच त्याचा जीव होता. बायको फार आधी मेली होती, ती तर आम्ही पाहिलीही नाही.

मग सदू भोईरचं झालं. सदू बदलापूर गावातून दूध घालायचा. गिअरची सायकल, दोन्ही बाजूंना कॅन. लच्छूशेठने त्याची दांडी नव्याने बसवून दिली होती. दुसऱ्या दिवशी सदू लंगडत आला, मागे रिक्षात सायकल, चाक हातात, तारा वाकलेल्या. चेन सगळ्यात मोठ्या चकतीच्याही पलीकडे जाऊन चाकाच्या तारांत अडकली होती. माणूस कॅनसकट पडला होता.

"शेठ, मेलो असतो मी! मागून टेम्पो होता!"

"तूच दांडी जास्त ओढलीस."

"दोन वर्षं ओढतोय! तवा कशी बरी गेली?"

लच्छूशेठने दुसरं चाक लावलं, सायकल उलटी केली, डोळे मिटले आणि पेडल फिरवलं. "ऐक. कशी गप्प आहे बघ." चेन खरखरत होती. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ऐकू येत होती. सदू तोंड उघडणार तेवढ्यात सुमनने त्याच्या हाताला धरून त्याला गप्प केलं. मग ती लच्छूशेठच्या समोर वाकली आणि बोटाने दाखवलं, इथे लागतंय. त्याने बारीक स्क्रू पिळला. तिने पुन्हा दाखवलं. असं करत करत चेन खरोखर गप्प झाली. सदूला तिने वाटेला लावलं.

मग लच्छूशेठने पापड भाजला, कानाशी नेऊन मोडला, मान हलवली आणि तिला दिला. पापड मऊ होता. मोडताना त्याचा आवाजच झाला नव्हता.

तिने तो पुरता खाल्ला आणि वर पाणी प्यायली.

हे तिने मला सांगितलं ते बऱ्याच दिवसांनी. मी चिडलो होतो. रोज दुपारी ती तिकडे जाऊन बसायची, घरी भांडी पडलेली. मी म्हणालो, "तिथे काय सोनं सापडलंय?" तेव्हा म्हणाली, "त्यांना ऐकू येत नाही. कुठे बोलू नका. कळलं तर गिऱ्हाईक जाईल, मुलगी येऊन घेऊन जाईल, आणि तो म्हातारा तिथे सोफ्यावर मरेल."

"मशीन लावायचं कानाला."

"लावलं होतं. मी एक दिवस बघितलं, गाड्यांच्या हॉर्नला दचकत होते, चेन ऐकू येत नव्हती."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेलो. लच्छूशेठ पेडल फिरवत होता. आता डोळे मिटत नव्हता. सुमन डब्यावर बसून शेंगा निवडत होती. चेन खरखरली की तिचं एक बोट मांडीवरून जरासं वर व्हायचं. गप्प झाली की खाली. समोर गिऱ्हाईक उभं, त्याला काही कळायचं नाही. लच्छूशेठ चेनकडे बघतोय असं दाखवायचा आणि बघायचा बोटाकडे. त्यावर त्या दोघांत कधी एक शब्द झाला असेल असं मला वाटत नाही. तिने त्याला 'तुम्ही बहिरे झालात' म्हटलं नाही, त्याने तिला 'ऐकून सांग' म्हटलं नाही. तोंडाने दोघं पूर्वीसारखेच भांडायचे.

दुकान असं चाललं. बऱ्याच दुपारी चाललं.

मग सुमन मेली. ताप आला, ताप छातीत गेला, आणि मेली. लोक 'गेली' म्हणतात. मी म्हणत नाही. गेलेल्या माणसाची वाट बघावीशी वाटते.

लच्छूशेठ दहाव्याला आला. धुतलेला लेंगा, वर शर्ट, त्याला शर्टात मी पहिल्यांदा पाहिलं. भिंतीला टेकून बसला. माझ्या भावाने त्याला विचारलं, "चहा घेणार का?" लच्छूशेठ म्हणाला, "हो, अचानकच झालं." भाऊ गोंधळला. मी चहा आणून त्याच्या हातात दिला. त्याने कप खाली ठेवला आणि बाहेर ओट्याखाली सायकल उभी होती तिच्याकडे बघत बसला. उठताना मोठ्याने म्हणाला, "चेनला तेल लाव, जगताप. गंजेल." घरभर माणसं शोकाला बसलेली. त्यांना वाटलं हा काय माणूस आहे.

मी तेल लावलं नाही. चेन गंजली.

डब्यांचं काम ताराने धरलं. तारा वांगणीकडची, सुमनकडे सुरुवातीपासून भाकऱ्या थापायला यायची. आनंदनगरची माणसं तिच्याकडे डबा मागायला लागली. एक दिवस ती मला म्हणाली, "दादा, ताईंची सायकल देता का? मी लहानपणी चालवलीये. गिअरची नाही चालवली, पण शिकेन." मी हो म्हणालो. ओट्याखाली ठेवून काय करायची होती?

सायकल ढकलत कॅम्प पाचला नेली. लच्छूशेठच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. समोरच्या दुकानात होतं. पत्र्याचा डबा तिथेच उलटा होता, त्याच्यावर धूळ होती.

त्याने सायकल ओळखली. सीटवर हात ठेवला. मी तोंड मोठं हलवत, ओरडून सांगितलं, "तारा चालवणार! डबे नेणार! तोच पूल!"

त्याला कळलं. खाली बसून त्याने मागच्या चकत्या तपासल्या, दाते झिजून टोकदार झाले होते. चेन गेलेली. "सब बदलना पड़ेगा." मग जुन्या खोक्यात हात घातला आणि एक नवी दांडी काढली. बिनखटक्याची. बराच वेळ हातात धरून बसला. मला काय वाटत होतं ते सांगतो. मला वाटत होतं, ह्याने ही दांडी लावली तर मी सायकल उचलून समोरच्या दुकानात नेईन, मग ह्याला काय वाटायचं ते वाटो. सुमन पडली होती तिथेच तारा पडावी हे मला नको होतं.

त्याने दांडी परत खोक्यात टाकली.

"जगताप साईं," तो म्हणाला, "मेरे को सुनाई नहीं देता. बहिरा झालो मी. ही दांडी कान मागते. माझ्या कानावर ती बाई पूल चढायला नको. खटक्याचं लावतो. सातच्या चकत्या, सातचा खटका. खटका अंगठ्याला कळतो."

त्याला वाटलं असेल की तो हळू बोलला. बहिऱ्याला आपला आवाज कळत नाही. पडदेवाला पडदा मोजता मोजता थांबला. समोरच्या दुकानातली दोन माणसं वळून बघायला लागली. इतके दिवस जे झाकून ठेवलं होतं ते त्याने स्वतःच्या तोंडाने अख्ख्या गल्लीला ऐकवलं. पडदेवाल्याने मग इंदूरला काय ते सांगितलं असणार. दिवाळीच्या आधी मुलगी येऊन त्याला घेऊन गेली. खटक्याच्या कामावर दुकान चाललं असतं, मी तसं म्हणालोही होतो. त्याने मान हलवली. ऐकू आलं नाही की पटलं नाही, ते मला सांगता येणार नाही. मुलगी आली त्या दिवशी मी तिकडे नव्हतो. तारा त्याच सायकलवर अजून पूल चढते. एकदाही पडली नाही.

मी त्याला शेवटचा पाहिला तो ह्या सायकलच्या कामात. चकत्या आणि शिफ्टर त्याने एकत्रच काढले, एकमेकांशेजारी ठेवून पाहिले. नवी तार ओढली. सायकल उलटी केली. मग उभा राहिला, पेडलला हात लावून, आणि माझ्याकडे बघायला लागला. मला कळेना काय हवंय. त्याने मानेने पत्र्याच्या डब्याकडे खूण केली.

मी धूळ झटकली आणि बसलो.

त्याने पेडल फिरवलं, अंगठ्याने खटका दाबला. एक, दोन. चेन गप्प. चौथ्याला बारीक खरखर आली. माझं बोट वर झालं. त्याने तारेचा छोटा स्क्रू किंचित फिरवला. खरखर गेली. मी बोट खाली ठेवलं. पुढचा खटका. पुन्हा पहिल्यापासून. पडदेवाला दारात उभा राहून बघत होता, आम्हाला त्याचं काही नव्हतं. सगळ्यात मोठ्या चकतीवर त्याने जोर देऊन बघितलं, चेन पलीकडे गेली नाही. पुन्हा जोर दिला. नाही गेली.

मग वर्तमानपत्राला हात पुसले, गॅस पेटवला आणि पापड भाजला. सवयीने उजव्या कानाशी नेला. तिथे थांबला. मग हात पुढे केला, पापड माझ्या कानाशी आणला आणि मोडला.

"वाजला?"

"वाजला," मी म्हणालो, आणि त्याला दिसावं म्हणून मान हलवली.

अर्धा त्याने मला दिला. अर्धा त्याने खाल्ला.